बारा गाड्या आणि माझे दोन डबे

लग्न, मुलगी, घराची किल्ली अशी पेढे वाटायची रीतसर कारणं माझ्या आयुष्यात पुढे यथावकाश आली. पण पहिले पेढे मी वाटले ते एका लष्करी शेडमध्ये, ऑइल फिल्टर संपले म्हणून. किलोभर, केशरी, वाशीच्या चांगल्या दुकानातले. ते खाणाऱ्या पंधरा-वीस मेकॅनिकांपैकी एकानेही मला सांगितलं नाही की बाबा रे, फिल्टर संपले म्हणजे गेले कुठे ते जरा विचार. तोंडात पेढा असला की माणूस खरं बोलत नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा अर्ध्या प्लॉटांवर कारखाने होते आणि अर्ध्यांवर गवत. तिथे आमच्या कंपनीचं गोदाम होतं. ट्रक आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग आम्ही राज्यभरच्या दुकानदारांना पुरवायचो. मी तिथे प्रोबेशनवर होतो. म्हणजे काम कायमच्या माणसाचं आणि चहा स्वतःच्या पैशाचा.

आमचे मॅनेजर उरणकडचे, कोकणी मुसलमान घरातले. आजोबा-वडिलांचा लाकडाचा धंदा होता, त्यामुळे माल म्हणजे काय हे ते पुस्तकात वाचून शिकलेले नव्हते. ‘बसलेला माल म्हणजे घरजावई,’ म्हणायचे. ‘जागा खातो, वर रुसतो.’ त्यांनी गोदामात दोन डब्यांची पद्धत आणली होती. प्रत्येक भागाचे दोन डबे. पुढच्या डब्यातून माल काढायचा. पुढचा रिकामा झाला की मागचा पुढे ओढायचा आणि रिकाम्या डब्यावरचं कार्ड ऑर्डरच्या ट्रेमध्ये टाकायचं. मागचा डबा संपायच्या आत नवा माल येतो. बस, एवढीच विद्या. कॉम्प्युटर होता, त्याचा करकरणारा प्रिंटर होता, पण खरं काम डबे करायचे.

ही विद्या मॅनेजरांनी एकदा वाशीला एका सभागृहात भाषण करून सांगितली. शेवटच्या रांगेत साध्या कपड्यांतले एक ताठ गृहस्थ बसले होते. भाषण संपल्यावर ते पुढे आले. लष्कराच्या एका वर्कशॉपचे प्रमुख होते ते, मेजर. मूळचे सातारचे. म्हणाले, ‘माझ्याकडे एक फॅन बेल्ट मागवला की तो येईपर्यंत मागणाऱ्याची बदली होते. हे तुमचं माझ्या शेडमध्ये करून दाखवाल?’

मॅनेजर ‘का नाही!’ म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सोबत एक कॉम्प्युटर देऊन मला पाठवून दिलं. गोदामातून एक माणूस कमी झाला तर कुणाचं अडणार नाही, याची त्यांनी आधी चौकशी केली असणार.

वर्कशॉप खाडीच्या अंगाला होतं. कुठे, कुठलं, ते सांगत नाही. तसं मी सही करून लिहून दिलेलं आहे आणि लष्करात कागद हरवत नाहीत, भाग हरवतात. पहिल्याच सकाळी मेजरसाहेबांनी मला अंगणात नेलं. तिथे बारा ट्रक एका ओळीत लाकडी ठोकळ्यांवर उभे होते. चाकं काढलेली, बॉनेट उघडी. दवाखान्याच्या बाकावर ‘आ’ करून बसलेले पेशंट जसे.

‘या गाड्या दुसऱ्या तुकडीला द्यायच्या आहेत,’ मेजरसाहेब म्हणाले. ‘वरून तारीख आली आहे. आजपासून आठव्या सोमवारी. त्या सकाळी या बाराही गाड्या स्वतःच्या चाकांवर त्या गेटातून बाहेर गेल्या, तर तुमचे डबे इथे कायम राहतील. अकरा गेल्या, तर तुम्ही, तुमचे डबे आणि तुमचा तो टीव्ही...’

‘कॉम्प्युटर, सर.’

‘...तो, सगळं बाराव्या गाडीत घालून ढकलत महाप्याला न्यायचं.’

हे मी मॅनेजरांना फोनवर सांगितलं तेव्हा ते खूश झाले. ‘सोपं झालं! तुझं कन्फर्मेशनचं पत्र टाइप करून ड्रॉवरमध्ये ठेवतो. बारा गाड्या गेल्या की सही. नाही गेल्या की त्याच कागदाच्या मागच्या बाजूला तुझा राजीनामा. कागद वाया नको.’

मला भीती वाटायला हवी होती. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सव्वीस वर्षांचा होतो आणि देशाच्या संरक्षणाची जबाबदारी अर्धी माझ्यावर आल्यासारखं वाटत होतं.

शेडचे स्टोअरकीपर मुलकी नोकर होते, खाडीकाठच्या गावातले. नव्या शहरासाठी घरची भातखाचरं गेली तेव्हापासून या नोकरीत. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणू लागलो. खाकी शर्ट, कानाला पेन्सिल. प्रत्येक भागाचा लांबलचक नंबर त्यांना पाठ होता आणि प्रत्येक भाग मेणकागदात गुंडाळून, वर सुतळी बांधून ते असा ठेवायचे, की उघडताना आपण कुणाच्यातरी लग्नाचा नारळ फोडतोय असं वाटावं.

‘काका, आता हे सगळं आपण नव्या पद्धतीने लावू,’ मी म्हणालो.

‘लावा ना. मना काय,’ काका म्हणाले. ‘जुन्या पद्धतीनं मी लावलेलं नव्हतं. ते पन असाच एक साहेब लावून गेला.’

प्रयोगासाठी म्हणून मेजरसाहेबांनी मोठ्या डेपोतून एक अख्खी खेप सोडवून आणली होती. बारा गाड्यांना जे जे लागणार ते सगळं त्यात होतं, शिवाय शेडच्या रोजच्या चालू गाड्यांसाठी वेगळं. हे भाग बाहेर बाजारात मिळत नव्हते, गाडीच खास लष्करी बनावटीची. म्हणजे जे होतं ते या खेपेत. आठवडाभर मी आणि काका डबे लावत होतो. पुढे एक, मागे एक. पिवळा रंग, काळे आकडे. लावून झाल्यावर मी पाच पावलं मागे जाऊन बघितलं आणि मला भरून आलं.

मग मी भाषण केलं. कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळच्या हजेरीनंतर सगळे मेकॅनिक शेडसमोर उभे होते. त्यांचा म्होरक्या एक हवालदार, कोल्हापूरकडचा. सगळे त्याला उस्ताद म्हणत. हातात कापसाचा बोळा घेऊन तो शांतपणे बोटं पुसत होता. मी एका टायरवर चढलो आणि आमच्या कंपनीची सगळी तत्त्वं एका दमात सांगून टाकली. ग्राहक देव आहे. या शेडचे ग्राहक तुम्ही. मागाल ते मिळेल. कशाला हवं असं कुणीही विचारणार नाही. इथवर ठीक होतं. पण मी रंगात आलो होतो. शेवटी बोट वर करून मी म्हणालो, ‘मात्र एक लक्षात ठेवा. जो भाग महिनाभर कुणी मागणार नाही, तो मी डेपोला परत पाठवणार. शेल्फवर घरजावई नकोत!’

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उस्तादने बोटं पुसायची थांबवली, एवढंच.

‘म्हंजे न मागितलं की जाणार?’ त्याने विचारलं.

‘जाणार!’

‘आणि मागितलं की मिळणार. कशाला ते इचारणार न्हाई.’

‘अजिबात नाही!’

‘लई भारी पद्धत हाय,’ उस्ताद म्हणाला. माझी छाती दोन इंच फुगली.

दुसऱ्या दिवसापासून शेडच्या माल द्यायच्या खिडकीवर रांग लागली. फॅन बेल्ट, क्लच प्लेट, ब्रेकची रबर किट, इंजिनात डिझेल फवारणारी नोझल, हॉर्नची बटणं. ज्या शेडमध्ये दिवसाला चार मागणीपत्रं यायची तिथे दुपारच्या जेवणाआधी चाळीस यायला लागली. पुढचे डबे भराभर रिकामे होत होते, मागचे पुढे येत होते, ऑर्डरचा ट्रे कार्डांनी भरून वाहत होता. कॉम्प्युटरला एवढं काम कधी मिळालं नव्हतं. त्याने आलेख काढला, त्याची रेघ कागदाच्या वरच्या कडेला टेकली. मी वरून आणखी एक कागद चिकटवला.

काय सांगू, त्या दिवसांत मला झोपेत पण रबर किट दिसायची! कंपनीत मी वर्षभर दुकानदारांच्या मिनतवाऱ्या करत होतो, माल घ्या म्हणून. इथे माल पळत होता. माझ्या पद्धतीने मरगळलेल्या शेडमध्ये जीव ओतला होता, याबद्दल मला शंका नव्हती. ऑइल फिल्टरचे दोन्ही डबे एकाच दिवशी रिकामे झाले तेव्हा मी संध्याकाळी बसने वाशीला गेलो आणि पेढे घेऊन आलो.

काकांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा कागदात बांधून खिशात ठेवला.

‘साहेब, एक बोलू?’

‘बोला ना, काका.’

‘त्या गाड्या बारा होत्या. अजून बाराच हायेत.’

मी बाहेर बघितलं. ठोकळ्यांवर बारा ट्रक तसेच ‘आ’ करून उभे होते.

‘काका, आधी माल फिरतो, मग गाडी फिरते,’ मी हसून म्हणालो. ‘शास्त्र आहे ते.’

‘असंल,’ काका म्हणाले.

त्या रात्री मॅनेजरांना फोन करून मी आलेख शब्दांत वर्णन करून सांगितला. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, ‘अरे मेरे बाप, माल किती गेला ते मला नको सांगूस. गाड्या किती निघाल्या?’

‘सर, अजून...’

‘दुकानदार एका महिन्यात वर्षाचा माल उचलतो, तेव्हा मी नाचत नाही. मी त्याच्या दुकानामागे जाऊन बघतो.’

मला वाटलं, मत्सर. माणूस मोठा झाला तरी मत्सर सुटत नाही.

सहाव्या आठवड्यात मी मेजरसाहेबांना सांगून बारा गाड्यांचं काम जोरात सुरू करवलं. पहिल्याच गाडीला ब्रेकचं रबर किट लागलं. मी दिमाखात पुढचा डबा ओढला. रिकामा. मागचा ओढला. रिकामा. क्लच प्लेट, रिकामा. नोझल, रिकामा. फिल्टर संपल्याबद्दल तर मीच सगळ्यांचं तोंड गोड केलं होतं. डेपोला फोन लावला. पलीकडच्या माणसाने शांतपणे सांगितलं, की तुमच्या एवढ्या ऑर्डरी आल्यात की आम्ही चौकशी बसवली आहे. चौकशी संपली की माल. किती दिवस? तो म्हणाला, ‘महिने विचारा.’

हातात अडीच आठवडे होते. मी शेडच्या पायरीवर बसलो. खेपेतले सगळे भाग शेडमधून गेले होते आणि एकही गाडी हलली नव्हती. भागांना पाय फुटले असतील तर गेले कुठे?

काका बाहेर आले. खिडकीला आतून कडी लावली. ‘चला,’ म्हणाले. ‘तुमचं गोदाम दाखवतो.’

‘गोदाम तर हे आहे.’

‘हे माझं. तुमचं तिकरं हाय.’

मेकॅनिक जेवायला गेले होते. काका मला वर्कशॉपमधून हिंडवत होते, गाइड लेणी दाखवतो तसे. पहिल्या मेकॅनिकच्या लाकडी पेटीचं झाकण उचललं. हत्यारांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळून, माझी रबर किट. जुन्या टायरांच्या चळतीत हात घालून त्यांनी फॅन बेल्टची माळ काढली. मोडक्या जीपच्या सीटखाली क्लच प्लेटा, वर गादी नीट टाकलेली. पाण्याच्या बंद टाकीत फिल्टर. आगीच्या लाल बादल्या ओळीत टांगलेल्या होत्या. वर बोटभर वाळू आणि खाली नोझल! आग लागली असती तर आम्ही तिच्यावर नोझल ओतली असती.

‘अहो पण कशाला?’ मी जवळजवळ ओरडलोच. ‘मागितलं की मिळतंय ना!’

काकांनी बादली परत टांगली. वाळू हाताने सारखी केली.

‘तुमच्या दुकानात माल संपला तर गिऱ्हाईक काय करतं?’

‘दुसऱ्या दुकानात जातं.’

‘इथं दुसरं दुकान नाय. प्रत्येकाच्या अंगावर दोन-तीन गाड्या हायेत. गाडी बंद पडली तर मान त्याची जाते, तुमची नाय नि माझी पन नाय. आनि तुमी टायरवर उभं राहून सांगितलंत, मागितलं नाय तर परत जानार. मंग कोन मागनार नाय?’

‘आणि बारा गाड्यांसाठी कुणी मागितलं नाही.’

‘त्या दुसऱ्याच्या घरी जानाऱ्या. त्यांचा कोन?’

खरंच की. चालू गाड्यांना धनी होते, त्या बारांना नव्हता. त्यांच्यासाठी आणलेली खेप माझ्या एका वाक्याने धनी असलेल्या गाड्यांच्या वाटेला गेली होती. शेडभर मी दुष्काळाची दवंडी पिटली होती आणि वर पेढे वाटले होते.

‘काका, तुम्ही आधी का नाही बोललात?’

‘तुमीच पाटी लावलीय,’ काका म्हणाले. शेडवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: कारण विचारू नये.

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो मेजरसाहेबांना सांगायचा. काकांनी तो तिथल्या तिथे मारला. एकदा असाच हुकूम निघाला होता म्हणे, सगळ्या पेट्या तपासायच्या. हुकूम पेट्यांपर्यंत पोचायच्या आधी माल खाडीच्या चिखलात गेला. पकडलं जाण्यापेक्षा बुडालेलं बरं.

मग आमच्या कंपनीतली एक गोष्ट आठवली. वर्षाच्या शेवटी दुकानदार न खपलेला माल परत आणायचे आणि आम्ही घ्यायचो. का उरला, कसा उरला, काही न विचारता. कारण विचारलं असतं तर कुणी आणलाच नसता.

‘काका, तसंच करू. माल परत आणा, कोणी काही विचारणार नाही.’

‘आननार नाय कोन,’ काका म्हणाले. ‘दिलं की गेलं, हे त्यांना म्हाईत हाय.’ मग कानाची पेन्सिल काढून ते भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर हत्यारांचा फळा होता. वर्कशॉपची जुनी रीत अशी, की मोठं हत्यार नेताना मेकॅनिकने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला फळ्यावरच्या त्या हत्याराच्या खिळ्यावर लावायचा. हत्यार परत केलं की बिल्ला परत.

‘ते हत्यार नेतात तेवा बिल्ला ठेवतात,’ काका सावकाश म्हणाले. ‘आता त्यांचा भाग आपन नेनार. मंग बिल्ला आपन द्यायला पायजे.’

मी त्यांना मिठी मारली. काकांना ते अजिबात आवडलं नाही.

दुपारभर बसून आम्ही शेडचे जुने पितळी बिल्ले घासले. तिसऱ्या प्रहरी मी पुन्हा टायरवर चढलो, पण या वेळी आधी काकांना भाषण वाचून दाखवलं होतं. दोनच वाक्यं होती. जो भाग जमा करील त्याला शेडचा बिल्ला मिळेल. बिल्ला दाखवला की भाग त्याच घटकेला परत, कुठल्याही दिवशी. तिसरं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, काकांनी खोकून ते खाली पाडलं.

त्या दिवशी खिडकीकडे कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या सकाळी उस्ताद एकटाच खिडकीवर आला. तीन क्लच प्लेटा ठेवल्या. काकांनी तीन बिल्ले दिले. उस्तादने ते दातांनी चावून बघितले, खिशात टाकले आणि गेला.

पाच मिनिटांत परत.

‘द्या माझ्या प्लेटा.’

‘अहो, आत्ताच तर...’ मी सुरुवात केली आणि काकांचा बूट माझ्या पायावर पडला. त्यांनी वळून प्लेटा उचलल्या, खिडकीत ठेवल्या, बिल्ले घेतले. उस्ताद प्लेटा घेऊन गेला. मला वाटलं, संपलं. चहा पिऊन होतो न होतो तोच तो पुन्हा आला. प्लेटा होत्या, शिवाय दोन नोझल.

‘बघतोय आपलं,’ तो म्हणाला.

मग काय विचारता! अख्खं वर्कशॉप बघायला आलं. जमा करायचं, बिल्ला घ्यायचा, कोपऱ्यावरून वळून परत यायचं, माल मागायचा. एकाने आपला फॅन बेल्ट काढून घेतला, त्याचा वास घेतला आणि पुन्हा जमा केला. दुसरा एक जण आपले बिल्ले दोन मित्रांच्या हाती पाठवून बघत होता. मी आणि काका खिडकी ते डबे, डबे ते खिडकी धावत होतो. काका त्या वयात डब्यांवरून असे उड्या मारत होते की मला त्यांची काळजी वाटायची सोडून हेवा वाटायला लागला. मी घामाने निथळत होतो, हसू आवरत नव्हतं. एकदा घाईत मी एकाच्या हातात दुसऱ्याचा डायनॅमो ठेवला. त्याने तो परत केला आणि म्हणाला, ‘साहेब, दमानं घ्या. आमी कुठं जात न्हाई.’ हे वाक्य ऐकल्यावर मला कळलं की काम झालं.

तिसऱ्या प्रहरानंतर परत मागणारे थांबले. मग नुसता येणारा ओघ. ढकलगाडीवरून, पोत्यातून, एकाच्या तर हेल्मेटमधून. वाळूच्या बादल्यासुद्धा आल्या, वाळूसकट. पिवळे डबे पुन्हा भरले आणि मागच्या खेपेत नव्हते असेही भाग निघाले, काही तर अशा गाड्यांचे की त्या गाड्या काकांनीही फक्त ऐकलेल्या.

आता खरी गंमत. जमा झालेले भाग मी बारा गाड्यांना लावायला काढले. काका कानाला पेन्सिल लावून उभे राहिले.

‘साहेब, बिल्ले लोकांच्या खिशात. भाग गेले गाडीवर. सगळे एकदम मागायला आले तर?’

‘सगळे एकदम येत नाहीत, काका. पुढचा डबा गाड्यांना, मागच्याला हात लावायचा नाही. जो येईल त्याला मागच्यातून.’

‘नि एकदम आले तर?’

‘तर मी गावी जातो.’

काकांनी यावर थोडा विचार केला. ‘मंग काढा पुढचे,’ म्हणाले.

दोन आठवडे मी छातीत धडधड घेऊन जगलो आणि खरं सांगतो, इतकी मजा मला पुढे कधी आली नाही. रोज एखादा बिल्ला खिडकीवर यायचा, काका मागच्या डब्यातून भाग काढून द्यायचे, मी श्वास सोडायचो. बाहेर ठोकळ्यांवरून एकेक ट्रक खाली उतरत होता. चौथा उतरला तेव्हा उस्ताद म्हणाला, ‘आता ह्या आमच्याबी वाटायला लागल्या.’ शनिवारपर्यंत अकरा गाड्या चाकांवर. बारावीचं इंजिन सुरू केलं तर ते खोकल्यासारखं अडखळत होतं. एक नोझल गेलेलं.

नोझलचे दोन्ही डबे रिकामे. रविवारी सगळ्यांनी आपापल्या पेट्या उलट्या केल्या. उस्तादने आपली गादी उसवली. नाही म्हणजे नाही.

सोमवारी सकाळी अकरा गाड्या एकामागून एक गेटातून निघाल्या. घोळक्यातलं कुणीतरी मोठ्याने मोजत होतं. बारावी शेडसमोर उभी होती. मेजरसाहेब आले. मी त्यांना सगळं सांगितलं. पेट्यांचं सोडून. मी म्हणालो, ‘सर, माझा हिशोब चुकला. एक नोझल कमी पडलं.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग उस्तादकडे, मग लाल बादल्यांकडे. ते आपल्या ऑफिसात गेले. आतून लोखंडी कपाटाचा आवाज आला. परत आले तेव्हा हातात वर्तमानपत्राची पुडी होती. ती त्यांनी खिडकीवर ठेवली. काकांनी उलगडली. मेणकागद, वर सुतळी. काकांचीच गाठ.

मेजरसाहेबांच्या नावावर एकच गाडी होती, जीप. तिला हे नोझल बसत नव्हतं.

‘तुमचं ते टायरवरचं भाषण मीही ऐकलं होतं,’ ते आढ्याकडे बघत म्हणाले. ‘म्हटलं, असू द्यावं एखादं.’

कुणी हसलं नाही. उस्ताद बोटं पुसायला लागला, फार जोरात. काकांनी एक बिल्ला घासून पुढे केला. मेजरसाहेबांनी तो घेतला, उलटसुलट करून बघितला आणि खिशात टाकला.

नऊ वाजता बारावी गाडी गेटाबाहेर पडली. मी तिच्यामागे गेटापर्यंत धावत गेलो. पहारेकऱ्याने मला अडवलं, कारण माझा पास शेडपुरताच होता. मी तिथूनच ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही, पण पहारेकऱ्याने दोन्ही कान हातांनी झाकले होते.

शेडमध्ये परतलो तर मेजरसाहेब खिडकीसमोर उभे. बिल्ला फळीवर ठेवलेला.

‘द्या माझं नोझल.’

मी काकांकडे बघितलं. या वेळी त्यांचा बूट माझ्या पायावर आला नाही. पुढचा डबा रिकामा, मागचा रिकामा, आणि त्यांचं नोझल एव्हाना रस्त्याला लागलेलं. कंपनीत असतो तर मी म्हणालो असतो, ‘उद्याच येतंय, सर.’ जीभ वळलीही होती तशी.

‘संपलंय, सर,’ मी म्हणालो. ‘एकही नाही. जादा ऑर्डरी मी रद्द केल्या, म्हणून डेपोने चौकशी उठवली आहे. पुढच्या खेपेत आहे, कार्ड टाकलंय. तीन आठवडे.’

मागे मेकॅनिक जमले होते. प्रत्येकाच्या खिशात एकेक तरी बिल्ला होता. मेजरसाहेब काय म्हणतात ते सगळे ऐकत होते आणि त्यांच्याहून जास्त मी.

त्यांनी बिल्ला उचलला. परत खिशात टाकला.

‘मग थांबतो,’ म्हणाले. ‘आलं की सांगा.’ दोन पावलं जाऊन वळले. ‘आणि तो टीव्ही नीट झाकून ठेवा. खाडीची हवा आहे, इथेच राहायचंय त्याला.’

उस्तादने खिशातल्या बिल्ल्यांवर हात ठेवला, काहीतरी मोजल्यासारखं केलं, आणि मागे वळून बाकीच्यांवर खेकसला, ‘काय बघताय? कामं न्हाईत व्हय?’ सगळे पांगले. बिल्ला घेऊन खिडकीवर कुणीही आलं नाही. काकांनी नोझलचा रिकामा डबा खाली काढला, आतली धूळ फुंकली आणि माझ्या हातात फडकं दिलं.